हरलेला डाव घरी आणा

२०२५च्या ऑक्टोबरअखेरपासून जवळजवळ महिनाभर आपल्या गोव्यातल्या हडफड्यात बुद्धिबळाचा वर्ल्ड कप चालला होता. २०६ खेळाडू, सगळे सामने बाद पद्धतीचे, कपाला नाव विश्वनाथन आनंदचं, आणि शेवटी तो जिंकला उझबेकिस्तानच्या १९ वर्षांच्या जवोखिर सिंदारोवने. आपला विश्वविजेता गुकेश तिसऱ्याच फेरीत गेला, अर्जुन एरिगैसी क्वार्टर फायनलपर्यंत लढला, नागपूरची दिव्या देशमुख या खुल्या स्पर्धेत वाइल्ड कार्डवर खेळली. त्याच वर्षी जुलैमध्ये जॉर्जियातल्या बातुमीला तिने कोनेरू हंपीला हरवून महिलांचा वर्ल्ड कप आणला होता, त्यामुळे आमच्याकडच्या मुलींना तिचं केवढं कौतुक. एवढं सगळं आपल्या दारात घडल्यावर त्याचा परिणाम होणारच, आणि तो चांगलाच झालाय. म्हापशापासून मडगावापर्यंत जो भेटेल तो पालक विचारतो, पोराला चेसला घालायचंय, क्लास कुठला चांगला?

मला या प्रश्नाचीच काळजी वाटते. मूल खेळायला लागलं, टीव्ही-मोबाइल सोडून दोन तास एका जागी बसायला लागलं याचा आनंदच आहे, पण क्लास कुठला हा प्रश्न पहिला नाहीच. पहिला प्रश्न असा की मूल जो डाव हरून येतं तो डाव नंतर कोणाबरोबर, कुठे आणि किती वेळ परत मांडला जातो. माझं म्हणणं सरळ आहे, बुद्धिबळात माणूस सुधारतो तो मुख्यतः आपले डाव आणि मोठ्या खेळाडूंचे डाव सावकाश परत मांडून. बाकी सगळं त्याच्या आजूबाजूला येतं. आणि गोव्यात आपण पालक म्हणून, क्लबवाले म्हणून, सरकार म्हणून जो पैसा आणि वेळ घालतोय तो बहुतेक त्या बाकीच्या गोष्टींवर जातोय.

क्लासात काय चालतं ते बघा. आठवड्यातून दोन दिवस, तासभर, दहा-बारा मुलं, समोर भिंतीवर डेमो बोर्ड किंवा स्क्रीन. एक ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली, शिकवतात, त्यातला एखादा ट्रॅप, मग पझल, मग घरी ॲपवर आणखी पझल. मी कोचना नावं ठेवत नाही, त्यातले कितीतरी जण तुटपुंज्या फीमध्ये मनापासून शिकवतात, स्वतःची नोकरी सांभाळून संध्याकाळी क्लास घेतात, आणि पझल सोडवणं हे लागतंच, त्याशिवाय डोळा तयार होत नाही. अडचण अशी की पालकाला पटकन दिसेल असं काहीतरी दाखवावं लागतं, आणि पटकन दिसतो तो ट्रॅप. पोराने शेजारच्या पोराला आठ चालींत मात दिली की घरात सगळे खूश. पण समोरचा जरा तयारीचा आला की तो ट्रॅप चालत नाही, आणि मग पंधराव्या चालीला मूल पटाकडे बघत बसतं, कारण इथून पुढे काय करायचं हे त्याला कोणी विचारलेलंच नसतं.

त्यात भर म्हणजे आपल्या स्पर्धा. मी बघतो त्या बहुतेक रविवारच्या, एका दिवसाच्या, रॅपिड, म्हणजे कमी वेळाच्या डावांच्या. सकाळी नऊला मूल हॉलमध्ये जातं, संध्याकाळी सहाला सर्टिफिकेट घेऊन बाहेर येतं. आयोजकांचीही बाजू आहे, हॉल एकच दिवस मिळतो, आर्बिटरचं, म्हणजे पंचाचं, मानधन, जेवण, ट्रॉफ्या, आणि पालकांनाही सोमवारी कामावर जायचं असतं. पण रॅपिडमध्ये नियमानुसार चाली लिहून ठेवायची सक्ती नसते. म्हणजे पोरगं दिवसभरात सात-आठ डाव खेळतं आणि त्यातल्या एकाचाही कागद घरी येत नाही. दोन दिवसांनी विचारा, तिसऱ्या फेरीत कसा हरलास, तर म्हणेल घोडा गेला. कुठे गेला, का गेला, त्याच्या आधी तीन चाली काय विचार केला होतास, काही सांगता येत नाही. वर्षभर असं खेळलं तर मूल शेकडो डाव खेळतं आणि हातात एक डाव नसतो. हॉलच्या बाहेर उभे असलेले आपण पालक विचारतो काय, तर "किती पॉइंट?". कधी कोणी विचारलंय का, कुठली चाल खेळताना सगळ्यात जास्त विचार केलास?

जिथे क्लासिकल, म्हणजे लांब वेळाच्या डावांची, स्पर्धा होते तिथे निदान नोटेशन शीट, म्हणजे चाली लिहायचा कागद, असते, बहुतेक वेळा कार्बन कॉपीसकट. एक प्रत आर्बिटरकडे जाते, एक मुलाची. आणि ती मुलाची प्रत कितीतरी वेळा टेबलाखाली, बाकावर, चहाच्या कपाखाली पडलेली मी बघितलीय. मला वाटतं ट्रॉफीपेक्षा तो कागद मोलाचा आहे, फाइल करून ठेवायला हवा.

का ते एका डावावरून सांगतो. माझी भाची डिचोलीला सातवीत आहे. तिचा एक हरलेला डाव आम्ही परत मांडला. चांगला चालला होता, एक प्यादं कमी होतं पण तिचा हत्ती चांगल्या जागी होता, आणि तरी तिने हत्तीला हत्ती मारून टाकला. का, विचारलं. म्हणाली, सोंगट्या कमी झाल्या की भीती कमी. हे उत्तर सोन्यासारखं आहे. कारण इंजिनला, म्हणजे चाली तपासणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रामला, विचारलं असतं तर त्याने एक आकडा दाखवला असता आणि ती "हं, चूक झाली" म्हणून पुढे गेली असती, पण चूक चालीत नव्हतीच, ती त्या समजुतीत होती. एक प्यादं कमी असताना हत्ती उतरवले की वाचण्याचे रस्ते बहुतेक वेळा कमीच होतात.

पण डाव तिथेही संपला नव्हता. थोड्या चालींनंतर पटावर (उभे रकाने ए ते एच, आडव्या ओळी १ ते ८) उरलं ते एवढंच, पांढरा राजा ई५ वर, पांढरं प्यादं ई४ वर, तिचा काळा राजा ई८ वर आणि चाल तिची. इथे वाचवणारी चाल एकच आहे, राजा ई७. दोन राजे समोरासमोर, मध्ये एक घर, आणि आता चाल पांढऱ्याची. पांढरा डावीकडे गेला की आपण त्याच्या समोर जायचं, उजवीकडे गेला की तिकडे, त्याला पुढे घुसता येत नाही आणि डाव बरोबरीत सुटतो. तिने राजा डी७ वर नेला. बाजूने जाऊन प्यादं पकडता येईल असं तिला वाटलं. पांढरा राजा एफ६ वर आला आणि खेळ संपला, कारण राजा प्याद्याच्या दोन घरं पुढे जाऊन बसला की काळ्याने काहीही केलं तरी प्यादं शेवटच्या घरापर्यंत जातंच. आम्ही ती पोझिशन लावली, ती पांढऱ्याकडून खेळली, मी काळ्याकडून, मग उलट, मग परत. चौथ्या-पाचव्या वेळी तिने स्वतःच सांगितलं की ज्याची चाल आहे तोच इथे अडचणीत येतो. तो नियम पुस्तकात "ऑपोझिशन" म्हणून पहिल्या काही पानांवरच असतो, तिला क्लासात शिकवलाही होता, वहीत लिहिलेला होता. पण तिचा तो झाला त्या संध्याकाळी, कारण या वेळी त्याच्यामागे तिचा स्वतःचा हरलेला डाव होता.

आणि हे काही लहान मुलांपुरतं नाही. १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर, गुकेश विरुद्ध तेव्हाचा जगज्जेता डिंग लिरेन, चौदावा आणि शेवटचा डाव. गुकेशकडे एक प्यादं जास्त, दोघांकडे एकेक हत्ती, एकेक उंट. नीट खेळलं तर बरोबरी. डिंगने ५५व्या चालीला हत्ती एफ२ वर आणून हत्ती बदलायची तयारी दाखवली. त्याचा उंट होता पार कोपऱ्यात, ए८ वर. गुकेशने हत्ती मारला, डिंगच्या राजाने परत मारला, आणि गुकेशने उंट डी५ वर आणून समोर ठेवला. आता उंटही बदलावे लागले, उरले राजे आणि प्यादी, आणि तो शेवट डिंग हरलेला होता. तीन चालींनंतर त्याने डाव सोडला आणि १८ वर्षांचा मुलगा जगज्जेता झाला. म्हणजे विश्वविजेतेपदाचा फैसला झाला तो "आता सोंगट्या बदलल्या तर पुढे काय उरेल" या एका प्रश्नावर, ज्या प्रश्नावर डिचोलीतली सातवीची मुलगी अडली होती. हा डाव मी तिला तेव्हाच दाखवला. तिने तो शेवट ज्या नजरेने बघितला ना, तसा तो यूट्यूबवर कॉमेंट्रीसकट बघून कोणी बघत नाही, कारण तिच्याकडे आता स्वतःचा प्रश्न होता.

मोठ्या खेळाडूंकडून शिकायचं म्हणजे काय, तर असं. त्यांचे डाव बघणं वेगळं आणि त्यांच्या जागी बसणं वेगळं. पूर्वीपासून एक पद्धत आहे, पुस्तकातला डाव घ्यायचा, पुढच्या चाली कागदाने झाकायच्या, जिंकणाऱ्याच्या बाजूने बसायचं, प्रत्येक वेळी आपली चाल आधी लिहायची, कारणासकट, आणि मगच कागद खाली सरकवायचा. कापाब्लांकाचा एक डाव असा खेळायला दोन तास लागतात. त्या दोन तासांत ऑनलाइन ब्लिट्झचे, म्हणजे काही मिनिटांत संपणारे, वीस डाव होतात, हे मला माहीत आहे. पण कापाब्लांकाने साधी-साधी चाल का खेळली आणि मला ती का सुचली नाही, हा जो खटका लागतो तो वीस ब्लिट्झमध्ये एकदाही लागत नाही. शिवाय त्याचे डाव घ्यायचं आणखी एक कारण, १९२१ ते १९२७ जगज्जेता होता तो, आणि शिकणाऱ्याने आधी शेवटाचा खेळ शिकावा हे त्याचं ठाम मत होतं, कारण थोड्या सोंगट्यांमध्ये प्रत्येक सोंगटीची ताकद कळते. आपण बरोबर उलटं करतो, वीस चालींची ओपनिंग पाठ आणि राजा-प्याद्याचा शेवट कच्चा.

याला अभ्यासाचाही आधार आहे. १९७३ मध्ये चेस आणि सायमन या दोन संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. (पहिल्याचं आडनावच चेस, खेळाशी संबंध नाही.) खऱ्या डावातली पोझिशन फक्त पाच सेकंद दाखवायची आणि मग आठवून पटावर लावायला सांगायची. तयारीचा खेळाडू बऱ्याचशा सोंगट्या बरोबर लावतो, नवखा चार-पाच. पण त्याच सोंगट्या पटावर कशाही विखरून दाखवल्या तर दोघांत फारसा फरक राहत नाही. म्हणजे मोठ्या खेळाडूची स्मरणशक्ती काही जगावेगळी नसते, त्याने खरे, अर्थ असलेले डाव इतके बघितलेले असतात की पट त्याला सुटा-सुटा दिसत नाही, गटागटाने दिसतो. पोराची मेमरी चांगली आहे म्हणून चेसला घातलं, असं जे पालक म्हणतात त्यांनी यावर जरा विचार करावा. आणि हे गट फक्त पझलमधून तयार होत नाहीत. पझलमध्ये इथे काहीतरी आहे हे आधीच सांगितलेलं असतं. डावात ते कोणी सांगत नाही, तिथे दहा चाली नुसतं सोंगट्या नीट जागी आणत बसायचं असतं, आणि ते कसं करायचं ते अख्खे डाव बघूनच कळतं.

आता कोच नकोच का? नाही, असं मी म्हणत नाही. आनंदचं उदाहरण लोक नेहमी देतात, आईने शिकवलं, चेन्नईच्या ताल चेस क्लबमध्ये खेळून-खेळून तयार झाला. खरंय. पण तो आनंद होता, आणि पुढे त्याच आनंदने २०२० मध्ये वेस्टब्रिज या गुंतवणूक कंपनीबरोबर अकादमी काढून गुकेश, प्रज्ञानंद, वैशाली यांच्यामागे ग्रँडमास्टर बोरिस गेल्फांडसारखे लोक उभे केले, म्हणजे त्याला स्वतःला मार्गदर्शनाची किंमत किती वाटते ते दिसतंच. चेन्नईत आर. बी. रमेशने २००८ पासून चेस गुरुकुल चालवलं, त्यातून किती ग्रँडमास्टर आले. तमिळनाडूचं यश क्लासांच्या संख्येमुळे आलंय असं समजून आपण त्याची नक्कल करायला जातो, पण तिथे मुलाचे डाव घेऊन तासन् तास बसणारी माणसं आहेत, तो खरा फरक. गुकेशचा लहानपणीचा कोच विष्णू प्रसन्ना. त्याने सुरुवातीची कितीतरी वर्षं गुकेशला इंजिनपासून लांब ठेवलं, मुलाने स्वतः मोजावं, स्वतः चुकावं म्हणून, आणि तसाच तो १२ वर्षं ७ महिन्यांचा असताना ग्रँडमास्टर झाला. आपल्याकडे मात्र पोरं डाव संपला रे संपला की मोबाइल काढून इंजिनचा निकाल बघतात. उत्तर मिळतं, आणि प्रश्न काय होता तोच राहून जातो.

गोव्यात तरी ही गोष्ट समजावून सांगावी लागू नये. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर ज्या मातीतून आल्या ती आपली. अल्लादिया खाँसाहेबांसमोर बसून एकेक पलटा घोटून घोटून घेतला त्यांनी, आणि तो गळ्यात बसेपर्यंत पुढचं मिळत नसे. मोगूबाईंनी किशोरीताईंना तालीम दिली तीही अशीच, आणि वर अंजनीबाई मालपेकरांसारख्या दुसऱ्या गुरूंकडेही त्या शिकल्या. आमच्या आजी-आजोबांना हे पक्कं ठाऊक होतं की गुरू समोर बसतो, तुझं ऐकतो, आणि तुझंच तुला परत दाखवतो. बुद्धिबळाचा कोच हेच करणारा हवा.

मग लोक म्हणतात, गोव्यात असे कोच आणायचे कुठून? आपला पहिला ग्रँडमास्टर अनुराग म्हामल, २०१७ मध्ये झाला. दुसरा लिऑन मेंडोन्सा, कोविडच्या वर्षी घरापासून लांब युरोपात अडकून पडला आणि तिथेच स्पर्धामागून स्पर्धा खेळत १४व्या वर्षी ग्रँडमास्टर होऊन आला, २०२४ मध्ये तर टाटा स्टील चॅलेंजर्स जिंकला. भक्ती कुलकर्णी २०१६ ची आशियाई विजेती, चेन्नई ऑलिंपियाडमध्ये ब्राँझ जिंकलेल्या संघात होती, अर्जुन पुरस्कार मिळाला. इवाना फुर्तादो आठ वर्षांखालच्या मुलींमध्ये २००६ आणि २००७, लागोपाठ दोनदा जगज्जेती. एवढ्याशा राज्यातून एवढं आलंय. पण हे सगळे आपापल्या आई-बापांच्या जिवावर, घरच्या खर्चाने आणि ओढीने आलेत असं मला वाटतं, व्यवस्थेने आणलेले नाहीत. ज्या आई-बापांना रजा टाकता येत नाही, पोराबरोबर परदेशात राहता येत नाही, त्यांच्या मुलांचं काय हा सार्वजनिक प्रश्न आहे, आणि तो फक्त "आणखी एक मोठी स्पर्धा गोव्यात भरवू" म्हणून सुटत नाही. वर्ल्ड कप झाला ते उत्तमच, मनोहर पर्रीकरांच्या नावाची ग्रँडमास्टर स्पर्धाही मुलांना मोठ्यांसमोर बसायची संधी देते, ती चालू राहावी. पण काणकोणच्या मुलाला हडफड्यात सिंदारोव बघून जे वाटलं त्याचं दुसऱ्या दिवशी काय करायचं, ते सांगणारं कोणी त्याच्या गावात आहे का?

आणि त्यासाठी प्रत्येक तालुक्यात ग्रँडमास्टर लागत नाही. १३००-१४०० रेटिंगच्या (रेटिंग म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा) मुलाचा डाव तपासायला त्याच्यापेक्षा तीन-चारशे पॉइंटने चांगला खेळणारा, धीर धरून ऐकणारा माणूस पुरतो. असे लोक गोव्यात भरपूर आहेत. कॉलेजची मुलं आहेत, रिटायर झालेले बँकवाले, शिक्षक आहेत, पूर्वी राज्य पातळीवर खेळलेले कितीतरी जण आहेत. त्यांना थोडं प्रशिक्षण आणि योग्य मानधन द्यायला हवं, फुकटात करा म्हणून नाही चालणार.

वरच्या पातळीवरचं मार्गदर्शन कसं द्यायचं त्याचा नमुना तर तयारच आहे. मिखाइल बोट्विनिक, १९४८ ला जगज्जेता झालेला, पेशाने इलेक्ट्रिकल इंजिनिअर. त्याच्या शाळेत कार्पोव शिकला, कास्पारोव दहा वर्षांचा असताना आला, पुढे क्रामनिक. तिन्ही जगज्जेते. आणि ही शाळा काही रोज भरत नव्हती. वर्षातून मोजक्या वेळा मुलं एकत्र यायची, प्रत्येकाने स्वतःचे डाव आणून सगळ्यांसमोर मांडायचे, आपण काय विचार केला ते सांगायचं, त्यावर चर्चा व्हायची, मग प्रत्येकाला त्याच्या कमतरतेप्रमाणे वेगळा घरचा अभ्यास मिळायचा, आणि पुढच्या वेळी तो दाखवायचा. एवढंच. स्वतःच्या बाबतीतही बोट्विनिकचा आग्रह हाच होता, आपले डाव टिपणं लिहून छापा, म्हणजे लोक त्यातल्या चुका काढतील. गोव्याचे तालुके बारा, पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळं राज्य तीन तासांत पार होतं. वर्षातून चार वेळा तीन-तीन दिवसांचं शिबिर घेऊन आपल्याच ग्रँडमास्टरांना, भक्तीसारख्या खेळाडूंना बोलवणं हे या राज्याला अजिबात जड नाही, आणि मधल्या काळात तालुक्याच्या ठिकाणी आठवड्यातून एक संध्याकाळ डाव मांडायला. जागा? देवळांचे हॉल आहेत, पंचायतींचे आहेत, वाचनालयं आहेत.

आणखी एक गोष्ट, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. मुलाने आपला विचार बोलून दाखवायचा तर तो त्याच्या भाषेत आला पाहिजे. आपल्या सरकारी प्राथमिक शाळा मराठी आणि कोंकणी माध्यमाच्या, घरी तीच भाषा, आणि बुद्धिबळाचं जवळजवळ सगळं शिकणं इंग्रजी व्हिडिओंमधून. मूल चाली बघतं, मान हलवतं, पण "इथे तू उंट का नाही मारलास" याचं उत्तर इंग्रजीत द्यायचं म्हटलं की "आय डोंट नो" म्हणून मोकळं होतं. तेच मराठीत किंवा कोंकणीत विचारा, पाच मिनिटं थांबत नाही. निवडक पन्नास डाव, कापाब्लांकाचे, मिखाइल तालचे, आनंदचे, गुकेशचे, सोप्या मराठीत टिपणांसकट, आणि तसेच कोंकणीत, हे काम करायला विद्यापीठ लागत नाही, दोन-तीन जाणकार आणि एक वर्ष लागेल. ते प्रत्येक शाळेच्या कपाटात असावं. आर्मेनियाने २०११ पासून प्राथमिक शाळेत बुद्धिबळ सक्तीचं केलं. आपण सक्ती नको करूया, नावडत्या मुलाला बसवून काही होत नाही, पण ज्याला हवंय त्याच्या हाताला लागेल एवढं तरी असू दे.

रेटिंगबद्दल पालकांना एक विनंती. १८ वर्षांखालच्या मुलांचं क्लासिकल रेटिंग २३०० च्या खाली असेपर्यंत खूप वर-खाली होतं, कारण हिशोबातला के-फॅक्टर, म्हणजे एका निकालाने रेटिंग किती हलेल ते ठरवणारा आकडा, त्यांच्यासाठी ४० धरतात, मोठ्यांना बहुतेक २०. एका स्पर्धेत शंभर पॉइंट वाढले म्हणून पेढे वाटू नका आणि पुढच्या स्पर्धेत तेवढेच गेले म्हणून कोच बदलू नका. चार महिन्यांतून एकदा मुलाचे जुने आणि नवे हरलेले डाव शेजारी ठेवा. तशाच प्रकारे हरतोय का, की आता वेगळ्या प्रकारे हरतोय? वेगळ्या प्रकारे हरत असेल तर कोच आणि मूल दोघंही बरोबर चाललेत.

मुलं कंटाळतील असं कोणीतरी म्हणणारच. काही कंटाळतील. ब्लिट्झची मजा वेगळी आहे, ती काढून घ्यायचं कारण नाही, माझी भाचीही खेळते. पण मुलं सावकाश कामाला कंटाळतात हे मला सरसकट पटत नाही. गावातल्या पोरांना गणपतीला माटोळी, म्हणजे मूर्तीवरची फळापानांची सजावट, बांधताना बघा, दोन-दोन दिवस एकेक फळ, एकेक पान शोधत रानात फिरतात. आपलं काम वाटलं की मुलं थांबतात, आणि हरलेला डाव हा सगळ्यात जास्त आपला असतो.

म्हणून बुद्धिबळ संघटनेकडे, क्लबांकडे सध्या मागणं लहानसंच आहे. रविवारच्या रॅपिड चालू द्या, पण दर दोन महिन्यांनी प्रत्येक तालुक्यात एक सावकाश स्पर्धा घ्या, शनिवार-रविवार मिळून चारच फेऱ्या, चाली लिहिणं सक्तीचं, आणि डाव संपला की दोघा खेळाडूंनी बाजूच्या खोलीत बसून, मोबाइल बाहेर ठेवून, तो परत मांडायचा, सोबत एक जाणता माणूस. बक्षिसाची रक्कम कमी करा आणि त्या माणसाला द्या. आणि पहिलं शिबिर मे महिन्याच्या सुट्टीत सांग्यात किंवा सत्तरीत ठेवा. पणजी-मडगावच्या मुलांना कोणी ना कोणी कारने तिथे सोडेल. सांग्याच्या मुलाला पणजीला यायचं तर सकाळची बस चुकली की दिवस गेला.